पाणसळ

गुरुवारची रात्र उलटली की पावणेदोनला
आमचं पाणी येतं.
आमचं म्हणजे हिलालच्या बागेचं,
फलजच्या वाटणीतला एक तास, वर एक मिनिट नाही.
पूर्वी तारे बघून पाळी ठरायची,
आता खमीसच्या मोबाइलचा गजर.
तो दगड उचलतो, चिंध्यांचा बोळा उपसतो
आणि चर भरत येतो, पाचोळा पुढे ढकलत.
आधी खजुरांना. मग केळींना.
उरलं तर मला, चिखलासाठी.

मस्कतहून निघताना डिकीत
थापी, ओळंबा, दोन घमेली,
कुंदाने भरून दिलेला डबा
आणि तिचं तेच वाक्य:
"कुणाचं घर, आणि कोण मरतंय!"

वीस वर्षं मी थंडी विकली.
फटी बुजवल्या, डक्ट चढवले,
काचेमागे बसलेल्या माणसांचा उन्हाळा
कंत्राटाने उचलून बाहेर टाकला.
बिरकत अल मौजच्या या घरात पहिल्यांदा शिरलो
तो जून होता.
अर्धं छत जमिनीवर, वटवाघळांची घाण,
तरी पाठीला गारवा लागला.
मीटर काढलं: बाहेर सेहेचाळीस, आत चौतीस.
यंत्र कुठे बसवलंय म्हणून
भिंतीभोवती फिरून आलो, खुळ्यासारखा.
दोन हात जाड माती,
वर ओंजळीएवढे झरोके. एवढंच.

पहिल्या हिवाळ्यात सिमेंट लावलं.
आपल्याला येतं ना!
करकरीत, बोटाला न लागणारं.
दुसऱ्या हिवाळ्यात ते पापडासारखं सुटून हातात आलं,
मागे माती ओली, कुबट.
भिंतीला घाम येतो
हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं.
मला! ज्याचं पोटच घामावर.

खमीसला माझं अरबी कळत नाही, मला त्याचं.
त्याने चिखलाचा गोळा वळून जमिनीवर टाकला.
फुटला. मान हलवली.
भुसा घातला, मला तुडवायला लावलं.
पुन्हा टाकला. पसरला.
कितव्यांदा तरी गोळा
थप्प करून बसला, जागच्या जागी,
तेव्हा तो कहवा ओतायला उठला.

असे चार हिवाळे.
बारापैकी पाच तुळया बदलल्या, खजुराच्याच खोडाच्या.
एक खोली झाली.
दुसरीला अजून आभाळ आहे.

पुढच्या दाराची पायरी वाकडी होती.
पाणसळ ठेवली,
बुडबुडा डाव्या कुशीला जाऊन बसला, हलेना.
छिन्नी लावणार तेवढ्यात हिलाल आला,
विमानतळाची रात्रपाळी डोळ्यांत,
डिशदाशा चिखलातून वर धरलेला.
"ती नको," म्हणाला.
"बाबांचा डावा पाय आखूड होता.
त्यांनीच बसवली ती, त्या पायाच्या मापाने."

छिन्नी ठेवली.
मग जिकडे बघावं तिकडे तोच पाय.
ओटा डावीकडे अंगठाभर उंच.
आतल्या भिंतीत कंबरेच्या उंचीवर खोबणी,
हाताला आधार म्हणून, दर चार पावलांवर एक.
त्यातल्या दोन मी पहिल्या वर्षीच बुजवल्या होत्या,
उंदरांची बिळं समजून. सिमेंटने.
हिलालला सांगितलेलं नाही. अजून.
एक फोडून पाहिली,
तर मला हवी तशी जमत नाही.
मापाला माणूस नाही.

व्हिसा साठीपर्यंत, म्हणजे सहा हिवाळे.
हिलालचा आणि माझा कागद नाही कसलाच,
हातात हात दिला तेवढाच.
यंदा कुंदा आली, पहिल्यांदाच.
पायरीला अडखळली, घराला आणि मला
एकच शिवी घातली.
पाणी आणायला गेली, परत आली
आणि न बघता डावा पाय
बरोबर जागी टाकून आत.
मी काही बोललो नाही.

पावणेदोन.
चरातून आधी आवाज येतो, पाणी मागून.
मी विजार गुडघ्यावर दुमडतो.
"सरक जरा," कुंदा म्हणते,
आणि चपला काढते.