चरबीची जागा

दुकानाला नव्वद वर्षं झाली, एक पत्रक काढू म्हटलं.
मजकूर मीच लिहिला, सॉसेजच्या पिशवीवर,
आणि गोर्लिट्समध्ये ट्रामचा शेवटचा थांबा येतो तिथे
फ्रीडेरिके नोआकचा जिना चढलो.
गुडघे करकरले. तिचं मांजर माझे हात हुंगत राहिलं.

ती म्हणाली, आधी आनश्निट सोडू.
म्हटलं, बाई, आनश्निट मला शिकवता?
रोज सकाळी हॅमचा पहिला काप मीच काढतो,
कडेचा, वाळलेला. गिऱ्हाइकाला देत नाही, उभ्याउभ्या खातो.
ती हसली. तिचा आनश्निट तीन मिलिमीटरचा:
रंग कागदाच्या कडेपलीकडे न्यायचा,
कापला जाणार हे आधीच धरून.
म्हणजे वाया घालवायलाच रंगवायचं?
सुरी थोडी हलते, ती म्हणाली.
हे मात्र पटलं. माझीही हलते अलीकडे.

मग अक्षरं.
तिनं शिशाचा एक खिळा माझ्या तळव्यावर ठेवला,
आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर, उलटं.
अक्षराभोवतीचं जे छापलं जात नाही,
त्याला म्हणे फ्लाइश. मांस.
मी नखानं चाचपून पाहिलं.
पंचेचाळीस वर्षं मांस विकतोय,
शब्दांनाही ते असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

भलत्याच घराण्यातलं अक्षर मध्ये घुसलं की तो कांदामासा.
एकच शब्द दोनदा पडला की लग्न.
माझ्या मजकुरात एक लग्न निघालंच: ताजं ताजं.
ते राहू दे म्हटलं, मुद्दाम लावलंय.
परिच्छेदाची पहिली ओळ पानाच्या तळाशी एकटी राहिली
तर ते मोच्याचं पोर, तळघरात कामाला धाडलेलं,
पुढे कुठे जायचं ते ठाऊक नसलेलं.
मी मान हलवत राहिलो, बँकेत हलवतो तशी.

तिची पेन्सिल थांबली.
इथे एक प्रेत आहे, हेर कुनाट.

माझ्या दुकानात दुसरं काय असतं?
पण ती हसत नव्हती. प्रेत म्हणजे लिहायचा राहिलेला शब्द.
मी लिहिलं होतं: कुनाट आणि
आणि पुढे पिशवीचं तेलकट टोक.

पाटीवर आजोबांनी रंगवलंय, कुनाट आणि मुलगा.
तो मुलगा आधी वडील होते, मग मी.
मारियन ब्रेमरहाफेनला क्रेन चालवतो.
मांस सोडलंय त्यानं, सहा वर्षं झाली.

शब्द भरू, तिनं विचारलं, की 'आणि' काढू?
बाहेर ट्राम वळताना किंचाळली.
मी टोपी उचलली. म्हटलं, पुढच्या मंगळवारी सांगतो.

मंगळवारी पत्रक मांडून तयार.
नाव डावीकडे, उजवीकडे अर्धं पान कोरं.
मी खवळलो. पैसे पूर्ण पानाचे देतोय,
इथे लिव्हरवुर्स्टचा भाव बसेल, फोन नंबर बसेल,
डुकराचं अख्खं डोकं बसेल!
ती म्हणाली, जुने खिळे जुळवणारे
कोऱ्या जागेला श्पेक म्हणायचे. चरबी.
जुळवायचं काही नाही, मजुरी तेवढीच.

चरबी.
चरबी काढा, म्हणतात गिऱ्हाइकं, सगळी काढा,
आणि आठवड्यानं येऊन सांगतात,
कुनाट, तुझी सलामी हल्ली कोरडी लागते.
मी चष्मा पुसला.
त्या कोऱ्याच्या शेजारी आमचं नाव
मला पहिल्यांदाच नीट वाचता आलं.
'आणि' तिनं काढला नव्हता.
फिकट करून पार कडेला नेला होता,
सुरी जाईल नेमका त्या रेषेवर.
नियमात बसत नाही हे, ती म्हणाली. छापखाना ओरडेल.
ओरडू दे म्हटलं.

रात्री मारियनचा फोन आला. तिकडे वारा होता, ऐकू कमी येत होतं.
म्हटलं, पत्रकात तुझ्या जागी चरबी ठेवलीय.
तो म्हणाला, बाबा, कळलं नाही.
म्हटलं, मलाही दोन खेपा घालाव्या लागल्या.