क ओळीत सातवी

डिचोलीहून निघताना सगळं मोजून घेतलं होतं:
दहीभात, टोपी, दोन फ्रॉक, टॉवेल,
तापाचं औषध, चमच्यासकट.
गाडी ठेवायला जागा लागते,
एवढं मोजायचं राहिलं.

हडफड्याच्या वरच्या सड्यावर
वॉटर पार्कची कमान लांबूनच दिसते.
निळा फायबरचा देवमासा, तोंड उघडं,
आणि त्याच्या जबड्यापुढे
बेळगावच्या, पुण्याच्या, आपल्याकडच्या
शेकड्यांनी गाड्या, उन्हात तापत.

"बाय, फाटीं घे. आनीक. आनीक मात्शें. पुरो!"
शिट्टीवाला कायतान हात असा हलवतो
जणू माझी अल्टो
त्याच्या परसात शिरलेली म्हैस.
गाडी हातात येऊन मला दोनच महिने झालेत.
तिचे बाबा असते तर एका हाताने लावली असती,
दुसऱ्या हातात फोन.
मी तीनदा पुढे, चारदा मागे,
आणि मागच्या सीटवरून शमिका, वय वर्षं चार,
दर वेळी: "पुरो!"

ढकलगाडी नणंदेची, मागून आणलेली.
तिची चाकं फरशीवर वाढलेली,
इथे चिऱ्याची खडी.
दहा पावलांत पुढचं चाक रुसलं.
मग ढकलगाडीत पिशवी बसली
आणि शमिका माझ्या कमरेवर.
पिशवीला पट्टाही बांधला,
पडायला नको.

पिंपावर चुन्याने लिहिलेला क,
तिथून सातवी गाडी. मी फोटो काढला.
शिकलेली बाई आहे मी.
ती तेवढ्यात उतरून जमिनीशी वाकलेली.
"चल गं."
"थांब, शाळा सुटलीय."
कुणाची, ते मी विचारलं नाही.
तिकिटाची रांग वाढत होती.

आत एक लाकडी बेडूक, हात आडवा धरून.
त्याच्या हाताखालून जो जाईल
त्याला मोठी घसरगुंडी नाही.
तिने टाचा उंचावल्या,
मग केसांचा बुचडा उंचावला.
चार बोटं कमी पडली.
रडलीही बेताचीच,
चार बोटांएवढी.

नकाशात सगळं बोटभर अंतरावर:
छत्रीखालचं तळं, आइस्क्रीम, बायकांचं स्वच्छतागृह.
"आई, शू" झाली की
ते बोट केवढं लांब होतं
ते ओल्या चपलांना विचारा.
पाच वेळा गेलो. दोनदा उगीच.
तिसऱ्या खेपेला नकाशा भिजून
खिशातच लगदा झाला,
मग आम्ही वासावरून फिरलो,
भज्यांकडे, क्लोरीनकडे,
आणि गुडघाभर पाण्यात ती
एका प्लास्टिकच्या अळंब्याखाली
दीड तास उभी राहिली, काही न करता,
डोक्यावर धार घेत. इतकी खूश.

संध्याकाळी बाहेर आलो
तर पिंपं हललेली.
दुपारी बस आल्या म्हणे,
ओळी नव्या पाडल्या.
फोटोत क, समोर फ.
कायतान घरी गेलेला, त्याच्या जागी एक पोरगा,
त्याला शिट्टीसुद्धा दिलेली नाही.
इथली प्रत्येक तिसरी गाडी पांढरी,
आणि अंधारू लागलं की
उरलेल्या दोनही पांढऱ्या.
मी किल्ली दाबत फिरले.
आमची गाडी बोलणाऱ्यांतली नाही.
नवऱ्याला फोन करावा?
तो बोटीवर, तिथे पहाट असेल.
आणि सांगायचं काय, गाडी हरवली?

शमिका कमरेवरून घसरली.
मान खाली घालून चालू लागली.
"इथे नाही. इथे नाही."
मी ढकलगाडी ओढत तिच्या मागे.
एका फांदी मोडलेल्या काजूशी
ती उकिडवी बसली.
"ही शाळा."

मुंग्या. दोन रांगा, एक जाती, एक येती.
त्यांच्यावरून नजर पुढे नेली
तर एक मागचा टायर,
आणि त्यावर तिरकी, दीड जागा अडवून,
माझीच.
तसं दुसरं कोणीच लावत नाही.

तिला पट्टा बांधला, गाडी सुरू केली.
"फाटीं घे," ती म्हणाली, डोळे मिटलेले.
"आनीक मात्शें."
मग आवाज आलाच नाही.

मी इंजिन बंद केलं,
उतरले,
आणि फोनचा उजेड धरून
टायरखाली वाकून पाहिलं.
मागे पुण्याचा कोणीतरी
हॉर्न वाजवत होता, वाजवत राहिला.