आठाचा तीन

सेलूला स्टेशन रोडवर
दुपारी शटर अर्धं ओढून मी रोल उलगडतो.
बाहेर बेचाळीस. पत्र्याखाली विचारू नका.
कांचनबाई भुतेकर स्टुलावर बसल्यात,
बोटांच्या पेरांवर तांब्याच्या तारेचे बारीक काप.
मोटार रिवायंडिंगचं दुकान.
दिराच्या नावाची पाटी उतरवलीय,
आता स्वतःच्या नावाची हवी.
"सगळ्यात सस्तं दाव," म्हणतात,
"अक्षरं तेवढी मोठ्ठी कर."

स्वस्त दाखवतो. अंगठ्यानं ताणून दाखवतो.
हे लाटलेलं. रुळांतून ओढून ओढून पातळ केलेलं.
ऊन लागलं की याला आठवतं
आपण आधी केवढे होतो,
आणि ते मागं सरकायला लागतं.
कडेला चिकटाची काळी रेघ राहते, धूळ खात.
हे दुसरं ओतलेलं,
दुधावर साय धरावी तसं धरलेलं.
याला कुणी ओढलंच नाही,
म्हणून याला परत कुठं जायचं नसतं.
महाग आहे. गाड्यांच्या वळणांना लागतं.
तुमच्या सपाट पत्र्याला मधलं पुरे,
फक्त वरचं लॅमिनेशन त्याच जातीचं घ्यायचं.

"जात इथंबी बघायची का रे?"
माणसांत नको बाई. फिल्ममध्ये बघावी लागते.
"वरचं तर काचेवाणी. दिसणार कुणाला?"

मी कटर बाजूला ठेवतो.

तीन वर्षांमागं एक रुग्णवाहिका केली होती.
खाली भारीतलं व्हिनाइल, दाराच्या खाचेत
हीट गननं बसवलेलं, एक फुगा नाही.
वरचं जोडीचं संपलेलं.
शेल्फवर दुसरं पडलं होतं, अर्धा रोल.
मालकाला सकाळी नारळ फोडायचा होता.
शाई हाताला कोरडी होती,
नाकाला ओली.
तरी मी मशीन फिरवलं.

मे लागला.
वरचं आकसलं, खालचं जागचं हललं नाही,
आणि त्या दोघांच्या ओढाताणीत
आकड्यांचे काठ उचलले.
इंग्रजी आठाचा डावा काठ कुठंतरी
पाथरीच्या रस्त्यावर उडून गेला.
तीन राहिला. चांगला ठळक, लाल.

मग मानवतहून एक टेलर आला, इलियास नावाचा,
गळ्यात टेप तसाच.
गाडीच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव शाबूत होतं,
ते वाचून आला.
भांडला नाही.
म्हणाला, तो तीनवाला नंबर माझा आहे.
रात्री दोनला लोक पत्ता सांगतात.
राँग नंबर म्हटलं तरी सांगतच राहतात,
मारुतीच्या देवळामागं, निळं दार, लवकर या.
आता मी लिहून घेतो
आणि खऱ्या नंबरला कळवतो.
मापाची वही उघडून दाखवली.
छाती, कंबर, बाही, आणि मध्येच
देवळामागं, निळं दार.
सतरा पत्ते होते.
"आठ नीट करून द्या," म्हणाला,
"मला झोप पाहिजे."

हे सगळं बाईंना सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, जोडीचं घ्या,
आणि चकाकतं नको, मॅट घ्या,
भर दुपारी रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे.
त्यांनी दोन्ही नमुने उलटे करून पाहिले,
नखानं काठ खरवडला,
कॉईलचं इन्सुलेशन तपासावं तसा.
पैसे मोजले. मधलं. जोडीचं. मॅट.

संध्याकाळी प्रिंट निघाली.
दोरीवर टांगली, पंखा लावला.
"उद्या सकाळी येऊ?"
परवा या.
"कामून? वाळलंय की."
मी वास घेतला.
विचारलं, तुमच्या नंबरात आठ किती?
त्यांनी ओठांतल्या ओठांत मोजलं.
"दोन."
मग परवाच या.