नुसती ठेवायची

आमच्या वर्गात पेन्सिल पडली
की बाकाखाली वाकून कुणी शोधत नाही.
सरळ खिडकीपाशी जातात,
हीटरखालून उचलून आणतात.
बावीस वर्षं मी हे बघत आले,
आणि बावीस वर्षं
हजेरी घेत आले.

हे गाव सिलेशियातलं, पोलंडच्या दक्षिणेला.
याच्या पोटात आणखी एक गाव आहे, बोगद्यांचं.
वरच्या भिंतींना विजेसारख्या भेगा,
त्यांच्यावर दर ईस्टरला नवा चुना.

नोव्हेंबरातला मंगळवार. फळ्यावर मी
कोळशाचे प्रकार लिहीत होते, अनुक्रमे.
पाठीमागे गोटी घरंगळली.
'कुणाची?' मी न वळताच विचारलं.
गेरार्ड उभा राहिला. कान लाल.
'माझी. पण बाई, मी टाकली नाही.
मी नुसती ठेवली.'

खडू हातात तसाच राहिला,
लिग्नाइटच्या पुढचा शब्द अर्धा.
उत्तर मला ठाऊक होतं, बरं का.
इथे कुणाला ठाऊक नाही?
बाप खाली जमीन पोखरतो,
लेक वर तिरक्या बाकावर बेरजा करतो.
एका वाक्यात सांगून
पुढच्या प्रकाराकडे वळता आलं असतं.

जीभ दाताखाली धरली.
म्हटलं, 'पुन्हा ठेव बघू.'

बाकं भिंतीला लागली.
टिमेक म्हणाला, गोटीच खोटी असेल,
म्हणून तीन गोट्या, एक संत्रं,
आणि दुसऱ्या दिवशी, बापाच्या खुराड्यातून
न विचारता आणलेलं कबुतराचं अंडं.
(ते हीटरवर फुटलं. वास आठवडाभर.)
रोक्सानाने अर्धी बाटली पाणी भरून आडवी धरली,
दोरा ताणला, चुकला, परत ताणला.
दारापासून खिडकीपर्यंत
सव्वाअकरा सेंटीमीटर उतार.
घरी जाऊन त्यांनी सूपच्या थाळ्या मोजल्या,
चर्चमधल्या मेणबत्त्यांचे ओघळ मोजले.
कोळशाचे प्रकार तीनच राहिले.

टिमेकची आई आली, कोट न काढता.
'परीक्षेत गोटी येणार आहे का?'
मी म्हणाले, 'बघते.'
खरं उत्तर जिना उतरताना सुचलं:
वसंतात खाण बंद होणार, बाई,
तो धडा तरी कुठल्या पुस्तकात आहे?
पण ती तोवर बसमध्ये चढली होती.

मग ओटिलियाचे आजोबा आले, अलोज गावलिक,
चाळीस वर्षं खाणीत मोजणीदार.
काखेत नकाशाची गुंडाळी.
सगळं समजावून सांगायला आले होते,
पण पोरांनी बोलू दिलं तर ना.
हा पट्टा कधीचा? इथे रिकामं का सोडलं?
आमचा वर्ग नेमका कुठल्या बोटाखाली?
शेवटी ओटिलिया:
'पंप बंद झाले की खाली पाणी भरेल.
मग जमीन वर येईल का?
गोटी दाराकडे जाईल?'

म्हाताऱ्याने चष्मा काढला,
पुसला, परत घातलाच नाही.
'काही ठिकाणी जमीन उचलते म्हणतात.
इथलं ठाऊक नाही, पोरी.'
इतकं सहज म्हणाला, जणू किती वाजले ते सांगतोय.
आणि मी, जिने त्या फळ्यावर
आजवर फक्त ठाऊक असलेलंच लिहिलं,
खाली तारीख घालून लिहिलं:
ठाऊक नाही.

संध्याकाळी सालोमेआ झाडायला आली.
'हे पुसू का?'
नको म्हटलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
जमिनीवर खडूची रेघ, शेजारी आकडा.
फेब्रुवारीत काहीच बदललं नाही.
त्यांना फार वाईट वाटलं,
मग ते 'काहीच नाही'सुद्धा वहीत लिहिलं.
खाली पाळ्या कमी होत चालल्यात,
भोंगा दिवसातून दोनदाच होतो.
कुणाचा बाप काय करणार पुढे,
हा प्रश्न अजून कुणी मोठ्याने विचारलेला नाही.
विचारतील. मी फळ्याचा तो कोपरा
मोकळा ठेवलाय.

गेरार्ड जूननंतर शहरातल्या शाळेत जाईल.
गोटी इथेच ठेवून जातो म्हणाला,
नव्या मुलांसाठी.
दारापर्यंत गेला, परत आला.
'पण बाई, नुसती ठेवायची हं.
ढकलायची नाही.'