रकाना क्रमांक अकरा

पहिले दहा रकाने सोपे.
नाव, वय, गुन्ह्याचं कलम,
शाळा कोणत्या वर्गात सुटली,
बाप घरी असतो का, असला तर कोणत्या वेळी.
मग अकरावा:
सुटकेनंतर जुळवून घेण्याची शक्यता.
उत्तम, मध्यम, कमी.
आता सोबत गुणतक्ताही येतो,
बेरीज बत्तीसच्या वर गेली की लाल शाई.

एकोणीस वर्षं मी ही खूण करतेय.

दुर्वासला उत्तम दिलं होतं.
डीपीतली तांब्याची तार कापताना धरलेला,
वाडीकडचा, पंधरा वर्षांचा.
पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा,
चादरीची घडी अशी, की कोपऱ्यावर कोपरा.
लहानग्यांना ओळीत उभं करायचा,
प्रार्थनेत त्याचाच आवाज वर.
पाहुणे आले की आम्ही त्यालाच पुढे करायचो.

अकरा महिन्यांनी परत आला.
दारातच हसला, घरी आल्यासारखा:
"मॅडम, माही खिडकीजवळची जागा कोणाले देली?"
जुळवून घेतलं होतं त्याने, खरंच,
आमच्याशी.
बाहेर जेवणाची घंटा होत नाही
हे मी कोणत्या रकान्यात लिहायला हवं होतं?

लोकेशची बेरीज एकेचाळीस.
शिपाई बोरकरांच्या मनगटाला चावला,
ट्यूबलाइट फोडली, दोनदा भिंत चढला,
तीन महिने माझ्याशी एक शब्द नाही.
खूण करताना पेन अडलं नाही.

गेल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला,
ऑफिसातला कूलर बंद पडला
तर गोधनीच्या दुकानातून पोरगा आला.
वाळ्याची जुनी ताटी ओढून काढली,
पंप तळहातावर उलटा करून पाहिला,
मान वर केली तेव्हा मी ओळखलं.
त्याने ओळखलं की नाही, कळेना.
साडेतीनशे सांगितले, तीनशे घेतले,
जाताना त्या भिंतीकडे एकदा पाहिलं.
वरच्या काचा आता जास्त आहेत.

काय बदललं, कोणी हात धरला,
विचारायचं राहूनच गेलं.
पंप आठवड्यात पुन्हा बसला,
तेव्हा यातून शिकवण वगैरे काढू नका.

बोरकर म्हणतात, तुमचे अंदाज तसे बरेच खरे निघतात.
निघतात.
तेच रात्री टोचत राहतं.
मी कमी लिहिल्यावर
त्या पोराकडे पुन्हा फिरकलं कोण?
मी तरी?

आज समोर सुजल. चौदा.
नखं खातोय, अंगठ्याचं तर उरलंच नाही.
कूलरच्या घरघरीत प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतो.
मान लांबवून कागद उलटा वाचतो:
"हे एक राहिलं ना भराचं?
मंग तवर पाणी पिऊन येऊ का?"

जा, म्हणते.
पेनाचं टोपण लावते, काढते.
माठ फाटकापाशी आहे
आणि बोरकर आज सुट्टीवर.