आतून आतपर्यंत

बॅरोच्या आरोग्य केंद्रात, तीन नंबरच्या खोलीत
हीटर खाकरल्याशिवाय सुरू होत नाही.
जेलची बाटली मी आधी काखेत धरून ठेवते;
गार जेल पोटावर पडलं की
पासष्टीचे बाप्येही पोरांसारखे आखडतात.

रॉनल्ड ब्रेथवेट शर्ट वर करतो.
चाळीस वर्षं गोदीत त्यानं पाणबुड्यांचे पाइप जोडले.
पहिल्याच भेटीत म्हणाला, पोरी,
पाइप फुगला तर आम्ही वाट नाही बघायचो,
कापायचो, नवा घालायचो.
मी म्हटलं, तुमच्या पाइपांना संध्याकाळी घरी जायचं नसायचं.
तो हसला,
आणि पडद्यावर त्याची महारोहिणी इतकी हलली
की मला पुन्हा मोजावं लागलं.

महारोहिणी. साताऱ्याच्या शाळेत, आठवीच्या पुस्तकात
लाल शाईत छापलेली, हृदयातून निघून खाली वळणारी.
वाटायचं, मोठ्या घरच्या एखाद्या बाईचं नाव असावं.
इथं तिच्या दुखण्याला तीन एकसारखी अक्षरं आहेत.
दुखणं तरी कसं म्हणू? दुखत तर नाही.
दुखेल तेव्हा उशीर झालेला असेल.

चार पूर्णांक सहा.
तीन महिन्यांनी चार सात.
मग पुन्हा चार सात, आणि त्या दिवशी
त्यानं मला खिशातलं टॉफी दिलं, जणू मीच थांबवलं होतं.

संशोधनात नाव आहे त्याचं. रोज सकाळी एक गोळी.
औषध असेल, नाहीतर नुसता खडू.
त्याला माहीत नाही. मला नाही.
गोळ्या देणाऱ्या नर्सलाही नाही.
दूर कुठल्याशा कुलूपबंद यादीत
त्याच्या नावाऐवजी एक आकडा आहे
आणि आकड्यापुढं खरं काय ते.
माहीत नसणं हेच आमचं इमान.

शीलाला सांगितलं नाही, तो म्हणाला.
तिला वाटतं मी बोलिंग क्लबला जातो.
आमच्याकडे याला पोटात ठेवणं म्हणतात,
मी त्याला इंग्रजीत समजावलं.
त्यानं खाली बघितलं, जेलनं चकाकणाऱ्या पोटाकडं.
मग दुसरीकडं कुठं ठेवणार?

आज बाहेर समुद्रावरून आडवा वारा.
एक फुली आतल्या भिंतीवर,
दुसरी समोरच्या, तीही आतल्याच.
भिंत मोजायची नाही. मोजायची पोकळी.
श्वास धरा.
पाच चार.
सोडा. धरा.
पाच पाच.

एक मिलिमीटर. बोटाची थरथरही तेवढीच असते.
अलीकडं त्याची गोळी चालू राहते,
मी, टॉफी, तीन महिने.
पलीकडं सर्जन, करारपत्रं, कापणं, नवा घालणं.
फुली केसभर आत सरकवली तर कुणाला कळणार नाही,
हे मला कळतं, आणि मी माउसवरून हात काढते.

किती? छताकडं बघत तो विचारतो.
मला नक्की नाही.
मग दुसऱ्याला मोजायला दे, तो म्हणतो.
जोड आपला असला की डोळा लाड करतो.
गोदीत सही नेहमी दुसऱ्याची लागायची.

मी फिलिपाला हाक मारते. आकडे पुसून टाकते,
आणि ती मोजते तोवर खिडकीशी उभी राहते,
पार्किंगमध्ये कुणाचा तरी टोपीमागचा पाठलाग बघत.

पाच पाच, फिलिपा म्हणते.

तो कागदानं पोट पुसतो, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
अवजार पुसून ठेवावं तसं.
म्हणजे आता क्लबचं सांगावं लागणार.
बुटाची नाडी बांधताना विचारतो,
ती गोळी, खरी होती का गं?
दोन वर्षांनी यादी उघडेल, मी म्हणते. मग कळवतील.
पत्रानं?
पत्रानं.
पत्ता बदललेला नसेल, तो म्हणतो,
आणि दार ओढून घेतो, हळू, खिट्टी लागेपर्यंत.