कसर

परभणीला, विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात
मुंजाजी कपाटाचा एकेक खण ओढतो
आणि डांबरगोळ्यांचा वास
आधी येऊन बसतो माझ्या वहीवर.

टाचण्यांवर टोचलेले हे सगळे:
ढालकिडे, भुंगे, चतुर,
एक नाकतोडा, अर्ध्या पायाचा.
खाली बोटभर चिठ्ठी, शाई उडालेली:
'सोनपेठ. ज्वारी. रात्री, दिव्यावर.'
एवढंच चरित्र.

"हात नका लावू ताई, मिशा गळायल्यात त्यांच्या."
मी हात लावत नाही.
चौकटी मोजते.

सोनकिड्याची पाठ बत्तीस चौकटींत बसते.
हिरवा कुठं संपतो, तांबडा कुठून लागतो
त्याचं त्यालाही ठाऊक नसावं;
मान जराशी तिरकी केली
की रंग बिऱ्हाड हलवतात.
कागदावर मात्र ठरवावंच लागतं:
ही चौकट हिरवी, ही नाही.
अर्धाच काढते, उरलेला अर्धा आरशाकडून घेते.
मिशी एका चौकटीहून बारीक,
म्हणून मिशी सोडून देते.
पाय सहा.
मागावर चार टिकतील असं धरून
दोन खोडते.

पैठणला द्रौपदाबाई
कागद उलटा धरते, सुलटा धरते,
चष्मा कपाळावर सारते.
"हे काय काढायलीस बाई?
मोर काढ, राघू काढ, कमळ काढ.
किडा कोण नेसंल?
ऐन लग्नात पदर पसरला
आन् करवली किंचाळली, म्हंजी?"

मी तिच्या हातातल्या तिल्लीकडं बोट करते.
हा धागा कुणाच्या तोंडातला, मावशी?

ती हसत नाही.
तिच्या भाच्याची तुती आहे जालन्याकडं.
एकदा रात्री मुक्कामाला होती त्या शेडात,
हजार तोंडं पानं कुरतडत होती,
"कुणीतरी रातभर कागद चुरगळायलंय
असं वाटलं बघ."
सकाळी भाच्यानं कोष दाखवले, पांढरे, हलके,
कानाशी धरून हलवले तर आत कुणीतरी होतं.
पुढं उकळतं पाणी.
पुढचं ती सांगत नाही.
तिल्ली ताण्यातून काढते,
घालते, काढते.

आठ दिवसांनी फोन.
"एक बुट्टी घालून बघितली. ये."

लांबून बघावं तर डाळिंबाचा दाणा.
जवळ जावं तर दाण्याला पाठ फुटते,
पाठीला मधोमध शिवण,
आणि खालून निघालेले पाय.
मी मोजते. पुन्हा मोजते.
सहा.

"मी चारच दिले होते."
"चार पायाचं ढोर असतंय," ती म्हणते,
"तू शिकलेली ना गं?"
पाचव्यासाठी तिनं जर चिरून अर्धी केली होती,
सहाव्यासाठी, म्हणाली,
श्वास धरला होता.

मग मागच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडते.
जुन्या नमुन्यांत एक पदर,
जांभळा, घडीच्या रेघेवर पार विरलेला.
उजेडासमोर धरला
तर अंगभर बारीक बारीक भोकं,
कुठं दाट, कुठं नुसतीच एखादी,
मध्येच वळून पुन्हा काठाकडं गेलेली वाट.
"कसर लागली," ती म्हणते.
"हिला कागद लागला न्हाई, का चौकट."

मी कापड काचेवर पसरते, खाली दिवा लावते,
वर ग्राफचा कागद ठेवते.
एक भोक दुसऱ्यासारखं नाही.
अर्धं काढून आरसा धरता येत नाही.
संध्याकाळपर्यंत मी वीतभरच उतरवते,
मान आखडते,
तिकडं द्रौपदाबाईचा माग थांबलेला.

मुठीत डांबरगोळी घेऊन ती पेटीशी उभी.
"टाकू का?"

थांब मावशी,
उद्या टाक.
मधला भाग अजून व्हायचाय तिचा.